जोखीम कोणाची, नफा कोणाचा?

आर्थिक धोरणावरची आपल्याकडची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते: एखादे काम सरकारने करावे, की खासगी भांडवलावर सोपवावे? दोन्ही बाजूंकडून याचे ठाम उत्तर दिले जाते. परंतु मुळात हा प्रश्नच अपुरा आहे, याचा अनुभव कोकण किनाऱ्याने १९९० नंतरच्या दशकात घेतला आहे. त्या काळात या किनारपट्टीत दोन अवाढव्य प्रकल्प उभे राहिले. एक कोकण रेल्वे आणि दुसरा गुहागर तालुक्यातील अंजनवेलचा दाभोळ वीजप्रकल्प, ज्याला लोक आजही ‘एन्रॉन’ म्हणूनच ओळखतात. पहिला प्रकल्प सरकारी होता, तरी त्याने भांडवलाच्या बाजारात उतरून पैसा उभा केला. दुसरा खासगी होता, तरी बाजाराची एकही कसोटी त्याने पत्करली नाही.

खुला बाजार म्हणजे नेमके काय, हे मालवणच्या किनाऱ्यावर मासळीच्या लिलावात स्पष्ट दिसते. होड्या लागतात, मासळीचे वाटे वाळूत मांडले जातात, घेणारे चार लोकांसमक्ष बोली चढवतात आणि भाव सर्वांच्या कानांवर पडतो. सुरमई भरपूर आली की भाव उतरतो, आणि तो तोटा होडीवाल्यालाच सोसावा लागतो, कारण डिझेल, बर्फ आणि जाळी यांवरचा खर्च त्याने स्वतःच्या हिमतीवर केलेला असतो. अनेक घेणारे, अनेक विकणारे, उघड भाव आणि ज्याचा नफा त्याचाच तोटा, या चार गोष्टी असतील तरच त्या व्यवहाराला खुला बाजार म्हणणे योग्य ठरते. अर्थात बाजार खुला असण्यासाठी नियम लागतातच. पर्ससीन जाळ्यांच्या बेसुमार मासेमारीने रापणकरांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांच्या, वाट्याला काही उरेनासे झाले, तेव्हा राज्य सरकारला ५ फेब्रुवारी २०१६ रोजी त्या मासेमारीवर निर्बंध घालणारा आदेश काढावा लागला. त्याची अंमलबजावणी किती होते, हा किनाऱ्यावर आजही धगधगणारा प्रश्न आहे.

बाजारव्यवस्थेचा आद्य भाष्यकार मानला जाणारा अ‍ॅडम स्मिथ याने १७७६ च्या आपल्या ग्रंथात सर्वाधिक कठोर टीका केली, ती सरकारी आश्रयाने मक्तेदारी मिळवणाऱ्या व्यापाऱ्यांवर, आणि ईस्ट इंडिया कंपनी हे त्याचे ठळक उदाहरण होते. पुढे १९७४ मध्ये अ‍ॅन क्रूगर या अर्थतज्ज्ञ स्त्रीने, नवे काहीही न निर्मिता केवळ परवाना, कोटा किंवा सवलत पदरात पाडून मिळवलेल्या उत्पन्नाचा हिशेब मांडला आणि १९६४ सालच्या भारतात असे उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७.३ टक्के असावे, असा अंदाज काढला. सत्ता आणि भांडवल यांच्या साटेलोट्यातून जी भांडवलशाही उभी राहते, तिचे सारे बळ अशा उत्पन्नात असते. म्हणूनच ती समाजवादाची जितकी शत्रू आहे, तितकीच खुल्या बाजाराचीही आहे. परवाना राज्य १९९१ मध्ये बरेचसे मोडीत निघाले, परंतु साटेलोटे त्याबरोबर संपले नाही; परवान्याऐवजी ते करारांत शिरले.

कोकण रेल्वेची मागणी जुनी होती. मालवण तालुका ज्या राजापूर लोकसभा मतदारसंघात येत असे, तेथून १९५७ ते १९७१ या काळात बॅ. नाथ पै आणि त्यानंतर १९९१ पर्यंत प्रा. मधु दंडवते संसदेत गेले. मालवण तालुक्यातील कट्टा येथे नाथ पैंच्या नावाचे सेवांगण आजही कार्यरत आहे. हे दोन्ही नेते समाजवादी होते, आणि तरीही दंडवते अर्थमंत्री व जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९० मध्ये जे कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, त्याची रचना निव्वळ सरकारी खात्याची नव्हती. भागभांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के होता. उरलेला मोठा निधी रोखे विकून, म्हणजे ठरावीक व्याजाच्या बोलीवर गुंतवणूकदारांकडून कर्ज घेऊन, उभा करण्यात आला. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली नव्वदहून अधिक बोगदे आणि सुमारे दोन हजार पूल बांधून २६ जानेवारी १९९८ रोजी हा मार्ग पूर्ण लांबीवर सुरू झाला. पुढे कर्जाचे ओझे महामंडळाला जड गेले आणि केंद्राला त्याची फेररचना करावी लागली, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र हा बोजा कोणाचा आणि कशासाठी, हे पहिल्यापासून सर्वांना ठाऊक होते, आणि पैशाच्या मोबदल्यात रूळ जागेवर होते.

एन्रॉनची गोष्ट याच्या अगदी उलट आहे आणि ती तपशिलातच समजून घ्यावी लागते. जून १९९२ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी प्राथमिक करार केला, तोही स्पर्धात्मक निविदा न मागवता. प्रकल्पासाठीच्या दाभोळ कंपनीत एन्रॉनचा वाटा ८० टक्के आणि जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल यांचा प्रत्येकी १० टक्के होता. १९९३ मध्ये जागतिक बँकेने हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नसल्याचे सांगून कर्ज नाकारले; तरीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वीजखरेदीचा करार झाला. या कराराचे मर्म ‘क्षमता आकार’ या तरतुदीत होते. प्रकल्प वीज देण्यास सज्ज आहे एवढ्यावरच मंडळाला ठरलेली मोठी रक्कम द्यावी लागणार होती, मग मंडळाने ती वीज उचलो अथवा न उचलो. शिवाय दराचा मोठा भाग डॉलरशी जोडलेला असल्याने रुपया घसरला की बिल आपोआप फुगणार होते. वीज मंडळाने पैसे थकवले तर राज्य सरकारने द्यावेत आणि राज्याने थकवले तर केंद्राने द्यावेत, अशी हमी आणि प्रतिहमीही देण्यात आली. मागणी कमी पडण्याची, चलन घसरण्याची आणि पैसे बुडण्याची, अशा सर्व जोखमी वीजग्राहक व करदात्याकडे गेल्या आणि नफा तेवढा कंपनीकडे राहिला. पुण्यातील ‘प्रयास’ या संस्थेच्या अभ्यासकांनी हे गणित त्याच काळात मांडून दाखवले होते, परंतु ज्यांनी ते ऐकायला हवे होते त्यांनी ऐकले नाही.

या करारावर पहिली सही काँग्रेसच्या राजवटीत झाली. १९९५ च्या निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने एन्रॉन समुद्रात बुडवण्याची भाषा केली, सत्तेवर येताच ऑगस्टमध्ये करार रद्दही केला, आणि काही महिन्यांतच फेरवाटाघाटी करून आधी ऐच्छिक असलेला दुसरा टप्पाही बंधनकारक करून घेतला. मे १९९६ मध्ये केंद्रातील भाजपच्या १३ दिवसांच्या सरकारने जाता जाता प्रतिहमीवर शिक्कामोर्तब केले. लाचेचा आरोप न्यायालयात सिद्ध झाला नाही. मात्र भारतातील प्रकल्पाच्या तयारीवर आणि संबंधितांच्या ‘शिक्षणा’वर सुमारे २ कोटी डॉलर खर्च झाल्याचे कंपनीच्या अधिकाऱ्याने १९९५ मध्ये अमेरिकी काँग्रेसपुढे सांगितले होते. अंजनवेल, वेलदूरच्या ग्रामस्थांनी आणि मच्छीमारांनी मात्र विरोध केला तेव्हा पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, दोन वर्षांत मंडळाला बिले पेलेनाशी झाली, २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला, माधव गोडबोले समितीने संपूर्ण निर्णयप्रक्रियेवर कोरडे ओढले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मूळ कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. २००५ मध्ये एनटीपीसी, गेल यांसारख्या सार्वजनिक कंपन्यांना पुढे करून तो बंद सांगाडा पुन्हा उभा करावा लागला.

सरकारी खर्चाविषयीची एक महत्त्वाची बाब येथे ध्यानात येते. अर्थसंकल्पात दिसणाऱ्या रकमेवर विधिमंडळात निदान चर्चा तरी होते; हमी मात्र दिली त्या दिवशी एक रुपयाही खर्च झालेला दिसत नाही, आणि बिल येते ते त्या सह्या करणारे पायउतार झाल्यावर. गुहागर तालुक्यातीलच कोतळूक येथे जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात, अर्थसंकल्पातील शिल्लक म्हणजे प्रजेची सुबत्ता नव्हे, हे आकड्यांनिशी दाखवून दिले होते. आकड्यामागचा माणूस शोधण्याची ती शिस्त आपल्या प्रतिनिधींनी गोखल्यांच्याच तालुक्यातील प्रकल्पाबाबत पाळली असती, तर महाराष्ट्राचे फार मोठे नुकसान टळले असते.

आता उरतो तो राजकीय देणग्यांचा प्रश्न, आणि साटेलोट्याचे मूळ तेथेच आहे. टाटा पोलाद कंपनीने पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या नियमावलीत बदल मागितला, तेव्हा १९५७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती मो. क. छागला यांनी कायद्याला धरून परवानगी दिली, परंतु या वाटेने लोकशाहीचा गळा घोटला जाऊ शकतो, असा इशारा संसदेलाही दिला. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, १९८५ मध्ये ती नफ्याच्या मर्यादेसह उठली, आणि २०१७ मध्ये ही मर्यादाही काढून टाकण्यात आली. त्यानंतर आलेल्या निवडणूक रोख्यांमुळे देणगीदाराचे नाव मतदारापासून लपवता येऊ लागले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही योजना एकमताने घटनाबाह्य ठरवली. मार्चमध्ये नावे उघड झाली, तेव्हा पहिला क्रमांक लॉटरीच्या व्यवसायातील कंपनीचा निघाला, १,३६८ कोटी रुपयांचा, आणि दुसरा सरकारी कंत्राटे घेणाऱ्या बांधकाम कंपनीचा, ९६६ कोटी रुपयांचा. लॉटरीला परवानगी देणे आणि कंत्राट देणे या दोन्ही गोष्टी सरकारच्या हातातील आहेत. केवळ एवढ्यावरून देवाणघेवाण झाली असे सिद्ध होत नाही, पण ती झाली की नाही हे तपासण्याचे साधनच नागरिकाकडून काढून घेतले गेले होते, आणि हा दोष कोणत्याही आर्थिक विचारसरणीने क्षम्य ठरत नाही.

एन्रॉननंतर काही दारे उघडली, हेही खरे. १९९९ पासून राज्यात वीज नियामक आयोग आहे आणि २००३ च्या वीज कायद्याने स्पर्धात्मक बोलीतून दर ठरवण्याची वाट खुली केली आहे. महावितरण दरवाढीचा प्रस्ताव दाखल करते तेव्हा त्याची जाहीर सूचना वर्तमानपत्रांत छापून येते आणि कोणीही ग्राहक त्यावर लेखी हरकत नोंदवून जाहीर सुनावणीत बोलू शकतो. त्यासाठी वकील लागत नाही. २०,००० रुपयांवरील देणग्यांची पक्षवार यादी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर पाहता येते. कट्ट्याच्या बाजारपेठेतील दुकानदार असो की वेलदूरचा मच्छीमार, पुढची सूचना वर्तमानपत्रात दिसेल तेव्हा त्याने ती शेवटपर्यंत वाचावी आणि मुदतीच्या आत आपली हरकत पाठवावी.