उभी गाडी का तापते?

विद्यार्थी मित्रांनो, समजा, मे महिन्याची दुपार आहे. तुम्ही मामूंच्या मोटारीतून भिवंडीहून मालेगावला निघाला आहात. शहापूरपर्यंत गाडी झकास धावते. पुढे कसारा घाटाच्या अलीकडे वाहनांची लांबच लांब रांग लागलेली असते. गाडी थांबते, इंजिन मात्र चालूच असते. थोड्या वेळाने तापमान दाखवणारा काटा लाल खुणेकडे सरकू लागतो. रांग हलून गाडी धावू लागली, की काटा पुन्हा खाली येतो. आहे की नाही गंमत? धावताना इंजिन जास्त काम करते. म्हणजे ते तेव्हा जास्त तापायला हवे. मग ते उभ्या गाडीतच का तापते?

याचे उत्तर तुमच्या चहाच्या बशीत आहे. कपातला गरम चहा लवकर निवत नाही. तोच बशीत ओतला, की पसरतो. त्यावर फुंकर घातली, की लगेच पिण्याजोगा होतो. इंजिनाचेही असेच आहे. इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी साधारण एक तृतीयांशच गाडी चालवण्याच्या कामी येते. बाकीची बाहेर टाकावी लागते. काही उष्णता धुराबरोबर निघून जाते. बरीचशी कूलंट वाहून नेते. कूलंट म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण. पंप हे मिश्रण इंजिनात फिरवतो. तापलेले कूलंट गाडीच्या तोंडाशी असलेल्या रेडिएटरमध्ये येते आणि बारीक नळ्यांत पसरते. रेडिएटर ही जणू इंजिनाची बशी!

आता फुंकर कोण घालतो? धावत्या गाडीला समोरचा वारा आयताच मिळतो. उभ्या गाडीला तो मिळत नाही. तेव्हा रेडिएटरमागचा पंखा हे काम करतो. आजच्या बहुतेक मोटारींत हा पंखा विजेवर चालतो. कूलंट सुमारे ९५ अंश सेल्सिअसच्या पुढे तापले, की तो आपोआप सुरू होतो आणि थोडे निवले, की बंद पडतो. गाडीगणिक हा आकडा थोडा बदलतो. जुन्या गाड्यांत इंजिनच पट्ट्याने पंखा फिरवते. तो पट्टा सैल झाला, तर पंखा मंदावतो.

म्हणूनच गॅरेजमधले जाणते उस्ताद पाना हातात घेण्याआधी एक प्रश्न विचारतात, "गाडी कधी तापते? उभी असताना, की धावताना?" उभी असतानाच तापत असेल, तर पहिला संशय पंख्यावर. पंखा फिरत नसेल, तर उस्ताद आधी फ्यूज पाहतात, कारण ते सर्वांत सोपे आणि स्वस्त. मग बॅटरीची वीज थेट पंख्याच्या मोटरला देतात. मोटर फिरली नाही, तर ती बदलावी लागते. फिरली, तर मोटर चांगली. दोष रिलेत, तारेत किंवा तापमान ओळखणाऱ्या सेन्सरमध्ये आहे.

पंखा नीट फिरत असूनही गाडी तापत असेल, तर रेडिएटरच्या जाळीत धूळ, कचरा व किडे अडकले आहेत का, ते पाहावे. थंड झालेली जाळी हलक्या धारेच्या पाण्याने धुतली, तरी कधीकधी काम भागते. कूलंट कमी आहे का, कुठे गळते का, पंप झिजला आहे का, हेही तपासावे. गाडी धावतानाही तापत असेल, तर थर्मोस्टॅट अडकलेला किंवा रेडिएटर आतून तुंबलेला असू शकतो. बाहेर कुठेही गळती नसताना कूलंट कमी होत असेल आणि इंजिन तापल्यावरही नळीतून दाट पांढरा धूर येत असेल, तर इंजिनाचे हेड गॅस्केट फाटले असण्याची शक्यता असते. तशी गाडी मुळीच चालवू नये.

आता घाटाच्या रस्त्यावर परत येऊ. काटा लाल खुणेवर पोहोचला आहे. मामू एअर कंडिशनर बंद करतात, गाडी रस्त्याच्या कडेला घेतात आणि इंजिन बंद करतात. तेवढ्यात कोणी उत्साहाने रेडिएटरचे झाकण उघडायला धावला, तर त्याचा हात धरून त्याला थांबवा! झाकणाखाली कूलंट दाबाखाली असते. म्हणून ते १०० अंशांच्या वर तापले, तरी उकळत नाही. झाकण उघडताच दाब नाहीसा होतो. क्षणात वाफ आणि उकळते पाणी उसळून तोंडावर येते. अशा वेळी चेहरा पोळतो, डोळेही जाऊ शकतात. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत थांबा. त्याला अर्ध्या तासाहूनही अधिक वेळ लागू शकतो. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका. धातूला तडा जाण्याची भीती असते. पंख्याजवळ हात नेऊ नका. काही गाड्यांत तो इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो. कोणी पोळलेच, तर त्या जागी वीस मिनिटे वाहते थंड पाणी सोडा आणि त्याला दवाखान्यात न्या.

मित्रांनो, ताप आलेल्या रोग्याला डॉक्टर आधी विचारतात, "ताप केव्हा येतो?" यंत्रालाही तोच प्रश्न विचारावा. नीट पाहणे, सोप्या कारणापासून सुरुवात करणे आणि घाई न करणे, या तीन गोष्टी ज्याला जमल्या, त्याने अर्धी दुरुस्ती केलीच म्हणून समजा.

स्वाध्याय
१. रेडिएटरला बशीची उपमा का दिली आहे?
२. कारणे लिहा : तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये.
३. वाक्यांत उपयोग करा : संशय येणे, काम भागणे.
४. जवळच्या गॅरेजला भेट द्या. तेथील कारागिराशी मराठीत बोला व पाच वाक्ये लिहा.