पाऊस बोलावणारी वाळू

पावसाचे राग पावसाच्या प्रदेशात जन्मले नाहीत. हे विधान कोकणातल्या वाचकांना रुचणार नाही, हे मी जाणून आहे. पण मल्हाराची कुळकथा पाहावी. मियाँ मल्हार ज्याच्या नावाने ओळखला जातो तो तानसेन ग्वाल्हेरचा. आणि ग्वाल्हेरचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला मल्हारातले दोन निषाद एकमेकांजवळ का घोटाळत राहतात हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. कोकणात पाऊस चार महिने घरात येऊन बसतो. तिथे त्याच्याशी माणसाचा व्यवहार असतो, लावणीचा, गळणाऱ्या कौलांचा, वाळत न घातलेल्या कपड्यांचा. वाट पाहणे ही गोष्ट वेगळी. ती कोरड्या मुलुखातच शिकता येते. आमच्या तंबोऱ्याचा भोपळादेखील पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा, म्हणजे अवर्षणाच्या पट्ट्यातलाच. मिरजेचे कारागीर तो तिकडूनच आणतात.

भोपाळात वैशाख सरून ज्येष्ठ लागला की पश्चिमेकडून वारा सुटतो. त्याला इकडे सगळेच ‘लू’ म्हणतात. मराठी घरांतही ‘झळा’ हा शब्द आता मागे पडला आहे. हा वारा मारवाडातून येतो. दुपारी शिकवणीला बसले की त्याचा पहिला परिणाम गळ्याआधी वाद्यांवर दिसतो, आणि तोही उलटसुलट. तबल्याच्या पुडीतले पाणी सुकते, कातडे ताणले जाते आणि तबला चढतो. तंबोऱ्याची तार धातूची. ती उष्णतेने लांबते आणि सूर उतरतो. म्हणजे एकाच खोलीत, एकाच वाऱ्याने, एक वाद्य वर जाते आणि दुसरे खाली. कूलर लावला तर हवा ओलावते आणि पुडी लगेच ढिली पडते. आमचे वडील दरबारी गवई. त्यांच्या काळी कूलर नव्हते, वाळ्याचे पडदे होते. त्यांवर पाणी मारले जाई, आणि वाद्ये मात्र त्या पडद्यापासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात, धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली असत. सुगंध माणसांसाठी, कोरडा कोपरा वाद्यांसाठी, अशी वाटणी होती.

ज्या वाळूवरून हा वारा येतो तिचा स्वभाव पाहण्याजोगा आहे. वाळू पटकन तापते आणि पटकन निवते. तिच्यात ओल नाही, वर ढग नाहीत, म्हणून दिवसाचे ऊन अडत नाही आणि रात्रीची ऊब टिकत नाही. चुरूसारख्या गावी उन्हाळ्यात पारा 50 अंशांपर्यंत जातो आणि हिवाळ्यात तोच शून्याच्याही खाली उतरतो. जोधपूरच्या उत्तरेस असलेल्या फलोदी येथे 19 मे 2016 रोजी 51 अंश तापमान नोंदले गेले. भारतात एवढे त्याआधी कधी नोंदले गेले नव्हते. त्याच दिवसांत आमच्या भोपाळातही पारा 46 च्या वर होता. मारवाड तापला की माळवा पोळतो, हे म्हातारी माणसे उगीच म्हणत नसत.

परंतु या तापण्याचे एक दुसरे अंग आहे, आणि ते मला फार विलक्षण वाटते. मारवाडपासून सिंधपर्यंतची भूमी अशी तापली की तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते आणि तिथे कमी दाबाचा मोठा पट्टा तयार होतो. समुद्रावरची ओली हवा ज्या ओढीने देशात शिरते, त्या ओढीचे हे एक मुख्य कारण आहे. इतरही कारणे आहेत, हिमालय आहे, तिबेटचे पठार आहे. परंतु आपल्या तलावावर जूनच्या उत्तरार्धात जो पाऊस पडतो त्याच्या निमंत्रणावर वाळवंटाची सही असते, एवढे म्हणायला हरकत नाही. आणि निमंत्रण देणाऱ्याच्याच पानात काय पडते? मोसमी पाऊस सगळा देश व्यापीत तिथे सर्वांत शेवटी, जुलैच्या आठवड्याभरात पोचतो. आणि परत फिरतो तो सर्वांत आधी तिथूनच, सप्टेंबरच्या मध्याच्या सुमारास. बंगालच्या उपसागराकडून येणारे वारे तिथवर येईतो रिते झालेले असतात. अरबी समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यांना अरवली अडवीत नाही, कारण ती डोंगररांग त्यांच्या वाटेला आडवी नसून समांतर आहे. भोपाळात वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, जैसलमेरला दोनशेच्या आसपास.

एवढ्याशा पावसावर तिथे जे गाणे उभे राहिले आहे ते ऐकले की मन थक्क होते. मांगणियार आणि लंगा या गवयांच्या जाती. पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या यजमानांकडे जन्म-लग्नात गाणाऱ्या. त्यांच्या गाण्यात सोरठ आहे, मांड आहे, देस आहे, आणि पावसाला, ढगाला, विजेला घातलेली साद तर जागोजाग आहे. मांड हा राग आपल्या नाट्यपदांतूनही घरोघरी पोचला, पण त्याचे माहेर तिकडे आहे हे आपण विसरून जातो. कोमल कोठारी यांनी 1960 साली बोरुंदा गावी ‘रूपायन’ संस्था उभी करून हे गाणे ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे जे काम केले त्याला तोड नाही. मांगणियारांचे वाद्य कमायचा: लाकडाचा वाटोळा पोट असलेला घाट, त्यावर शेळीचे कातडे, आणि मुख्य तारा तातीच्या. कातडे आणि तात, दोन्ही ओलीला भिणारी. हे वाद्य कोरड्या हवेतच घडले आणि कोरड्या हवेतच नीट बोलते. पाऊस मागणारे वाद्य पाऊस आला की बिघडते! या विरोधाभासावर मी अनेकदा शिष्यांजवळ बोललो आहे. ते हसतात, पण ही हसण्यासारखी गोष्ट नाही.

कारण तोच विरोधाभास तिथल्या जमिनीतही आहे. अनुपम मिश्र यांचे ‘राजस्थान की रजत बूंदें’ हे 1995 सालचे पुस्तक ज्यांनी वाचले आहे त्यांना तिथली ‘कुई’ ठाऊक असेल. वाळूखाली काही ठिकाणी खडियाचा, म्हणजे जिप्समसारखा, थर असतो. पावसाचे थोडे पाणी त्याच्यापाशी अडते, खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही, आणि वाळूत ओल होऊन राहते. अरुंद विहीर खणली की ती ओल थेंबाथेंबाने झिरपत जमते. दिवसाला दोन-तीन घागरी, पण गोड. एका थराच्या भरवशावर गावे जगली.

ऑगस्ट 2006 मध्ये बाडमेर जिल्ह्यात वर्षाच्या सरासरीच्या दुपटीच्या आसपास पाऊस अवघ्या काही दिवसांत कोसळला. (त्याच महिन्यात भोपाळातही पाण्याने हाहाकार केला होता, पुष्कळांना आठवत असेल.) सखल भागातले कवास गाव बुडाले. वाळूत पाणी जिरून जाईल असे कोणालाही वाटावे, पण जिरेना. खाली तसाच थर होता. ज्याने पाणी धरून ठेवल्याबद्दल पूर्वजांनी त्याचे उपकार मानले, त्याने आता पूर धरून ठेवला. आठवडेच्या आठवडे गाव पाण्याखाली राहिले, वाळवंटात सैन्याच्या होड्या फिरल्या, माणसे आणि गुरे मेली. थेंब साठवण्याची विद्या ज्यांनी एवढी पूर्ण केली त्यांच्यापाशी पुराची विद्या नव्हती, आणि असण्याचे कारणही नव्हते.

कोरड्या हवेचे ऋण आपल्या मराठी संगीतावरही आहे. कुमार गंधर्व क्षयाने आजारी पडले तेव्हा त्यांना कोरड्या हवेत राहण्याचा सल्ला मिळाला आणि 1948 च्या जानेवारीत ते देवासला आले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली. पुढे बरे झाल्यावर त्यांनी ‘गीतवर्षा’ हा पावसावरचा संपूर्ण कार्यक्रम बांधला. मुंबईची दमट हवा त्यांना तेव्हा मानवली असती तर तो कार्यक्रम झाला असता का, हा प्रश्न मी सोडून देतो. माझे उत्तर वाचकांच्या लक्षात आलेच असेल.

मात्र कोरडेपणाची ही स्तुती मी शिवाजीनगरात बसून करतो आहे, सावलीत. 1956 साली भोपाळ राजधानी झाल्यावर या बाजूला शासकीय वसाहती वसल्या. घरे बसकी, साधी, आता पुष्कळशी मोडकळीला आलेली. पण दोन घरांमध्ये जागा सोडलेली, आणि त्या जागेत कडुनिंब, जांभूळ, आंबा, पिंपळ साठ-साठ वर्षे वाढलेले. मारवाडचा वारा शहरात येतो तेव्हा तो इथे येईतो थोडा वाकतो. 2024 साली शिवाजीनगर आणि तुळशीनगर या भागांत मंत्री-आमदारांच्या नव्या निवासांची योजना निघाली, आणि तीत सुमारे 29 हजार झाडे जाणार असल्याचे प्रसिद्ध झाले. तो जून महिना होता, लोक नुकतेच झळांतून बाहेर पडत होते. रहिवासी रस्त्यावर आले, त्यांत बायकाच अधिक. कोणी झाडांना मिठ्या मारल्या, कोणी त्यांना राख्या बांधल्या. जूनच्या मध्यालाच शासनाने ती जागा सोडून देत असल्याचे जाहीर केले.

झाडांनी किती अंश उतरतात याची गणिते तज्ज्ञांनी करावीत. माझ्यापाशी थर्मामीटर नाही, हातोडी आहे. कडुनिंबाखालच्या जुन्या क्वार्टरात जुळवलेला तबला घेऊन मी त्याच दुपारी पलीकडच्या नव्या इमारतीत, तापल्या गच्चीखालच्या खोलीत शिकवायला जातो, तेव्हा तो तिथे पाव-अर्धा स्वर चढलेला असतो आणि मला गट्टे खाली ठोकण्याऐवजी वर ठोकत बसावे लागते.