एल-आर्जिनिन, कॅल्शियम आयन आणि रक्तवाहिन्यांचे आकुंचन : एक विवेचन

प्रास्ताविक : अमिनो आम्ले म्हणजे प्रथिनांचे घटक, एवढे सांगून आपण वर्गात बहुधा पुढे जातो. परंतु त्यांपैकी काही आम्लांपासून पेशींना संदेश देणारी द्रव्येही तयार होतात. एल-आर्जिनिन हे त्याचे महत्त्वाचे उदाहरण होय. रक्तवाहिनीचे आकुंचन व कॅल्शियमची हालचाल यांच्याशी असलेला त्याचा संबंध प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

रक्तवाहिनीच्या भित्तिकेतील स्नायूपेशी विश्रांत असताना तिच्यातील मुक्त कॅल्शियमचे प्रमाण बाहेरील द्रवाच्या सुमारे दहा हजारांश असते. पेशीपटलातील मार्गिकांतून अथवा पेशीतील साठ्यातून कॅल्शियम आले की ते कॅल्मोड्युलिन या प्रथिनाशी जोडले जाते. ही जोडी एक विकर कार्यान्वित करते, ते मायोसिनला फॉस्फेट गट जोडते आणि स्नायू आकुंचन पावतो.

विद्यार्थ्यांचा (आणि खरे सांगायचे तर कधीकधी आपलाही) गोंधळ यापुढे होतो. वाहिनीच्या आतील अस्तराच्या पेशींतही कॅल्शियम वाढते, तेथेही ते कॅल्मोड्युलिनशीच जोडले जाते. परिणाम मात्र उलट होतो. येथे नायट्रिक ऑक्साईड सिन्थेज हे विकर जागे होऊन एल-आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साईड व सिट्रुलिन तयार करते. हा वायू शेजारच्या स्नायूपेशीत शिरून चक्रीय जीएमपीचे प्रमाण वाढवतो. परिणामी कॅल्शियम साठ्यात परत खेचले जाते, बाहेरून येणारा ओघ घटतो व वाहिनी शिथिल होते. म्हणजे एका पेशीत वाढलेले कॅल्शियम शेजारच्या पेशीतील कॅल्शियम कमी करविते.

अस्तराचे हे कार्य १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट व जॉन झवाड्झकी यांनी सशाच्या महाधमनीवर दाखविले. अस्तर शाबूत असता ॲसिटिलकोलिनने धमनी शिथिल होई. ते घासून निघाले असता होत नसे. अस्तरातून निघणारे द्रव्य नायट्रिक ऑक्साईड असल्याचे १९८७ मध्ये व त्याचा उगम एल-आर्जिनिनमध्ये असल्याचे १९८८ मध्ये सिद्ध झाले. फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मग आर्जिनिन अधिक घेतल्यास वाहिन्या अधिक शिथिल होतील काय? वस्तुतः या विकराला लागते त्याहून कितीतरी अधिक आर्जिनिन रक्तात मुळातच असते. तरीही काही रुग्णांत वरून दिलेल्या आर्जिनिनने शिथिलन सुधारते. या कोड्याला 'आर्जिनिन विरोधाभास' म्हणतात. शरीरातच तयार होणारे असममित डायमिथिल आर्जिनिन विकराची जागा अडवते व जादा आर्जिनिन त्याला हटविते, असे त्याचे एक स्पष्टीकरण आहे.

व्यायामशाळेत जाणारे आपले काही विद्यार्थी आर्जिनिनची भुकटी घेतात, म्हणून एका प्रयोगाचा उल्लेख येथे आवश्यक वाटतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांवरील अमेरिकेतील हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटास दिवसातून तीन वेळा ३ ग्रॅमपर्यंत एल-आर्जिनिन दिले गेले. सहा महिन्यांत वाहिन्यांच्या ताठरपणात सुधारणा आढळली नाही. आर्जिनिन घेणाऱ्यांपैकी ६ रुग्ण दगावले, दुसऱ्या गटात एकही नाही. नवीन रुग्णांची नोंदणी थांबविण्यात आली, आणि झटक्यानंतर आर्जिनिन देऊ नये असे संशोधकांनी नमूद केले.