अणूचें अंतरंग : एका गुरुपरंपरेची कथा

सकाळचें ऊन माजघराच्या खिडकींतून आंत शिरलें, कीं त्या कवडशांत तरंगणारे धूलिकण पाहत बसण्याची हौस लहानपणीं कोणास झाली नाहीं? आपल्या पूर्वजांसही ती झाली होती. कवडशांत दिसणारा कण हा डोळ्यांस दिसणाऱ्या वस्तूंत सर्वांत लहान. पण त्याचे तुकडे केले तर? त्या तुकड्यांचे पुन्हा तुकडे केले तर? ही विभागणी कोठें तरी थांबलीच पाहिजे, नाहीं तर मोहरी आणि मेरुपर्वत यांत भेद तो काय उरला, असा युक्तिवाद वैशेषिक मताच्या आचार्यांनीं केला. आणि जेथें ती थांबते त्यास परमाणु हें नांव दिलें. ग्रीस देशांत डिमॉक्रिटस यानेंही अशाच विचारानें 'जो कापतां येत नाहीं तो' अशा अर्थाचा शब्द योजिला.

ह्या विषयावर लिहिण्यास निमित्त मात्र अगदीं घरगुती घडलें. आमची एक नात यंदा नववींत आहे. एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर तिला अणूची रचना समजावून देण्यास मी बसलों. कागदाच्या मध्यभागीं ठिपका काढला, त्याभोंवतीं वर्तुळें काढलीं, वर्तुळांवर इलेक्ट्रॉन बसविले, आणि सूर्याभोंवतीं ग्रह फिरतात तसे हे फिरतात असें सांगितलें. ती म्हणाली, "आजोबा, ते असे वर्तुळांत फिरत नाहींत, असें आमच्या बाईंनीं सांगितलें आहे." चारचौघांत नातीनें चूक काढावी हें मला रुचलें नाहीं. "मोठ्यांना उलट उत्तर करूं नये," एवढें बोलून मी विषय संपविला. ती गप्प झाली आणि उठून गेली. कागद मात्र माझ्यापुढें तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशीं पुस्तकें काढून पाहतों तों बाईंचेंच म्हणणें खरें! आणि आणखी खोलांत शिरल्यावर ध्यानांत आलें कीं, अणूच्या शोधाचा बहुतेक इतिहासच वडीलधाऱ्यांची चूक काढणाऱ्या मुलांचा आहे. तोच वाचकांपुढें ठेवीत आहें.

मिठाचा खडा

प्रथम स्वयंपाकघरांतीलच एक-दोन गोष्टी पाहूं. गव्हांत खडे मिसळले तर ते निवडून काढतां येतात. मीठ पाण्यांत विरघळलें तर पाणी आटवून तें परत मिळवितां येतें. हीं नुसतीं मिश्रणें होत. पण मीठ स्वतः कशाचें झालें आहे? तें दोन पदार्थांच्या संयोगानें झालें आहे आणि ते दोन्ही पदार्थ मिठासारखे मुळींच नाहींत. एक सोडियम. ही चाकूनें कापतां येईल इतकी मऊ धातु. पाण्यांत टाकली तर मोठ्या आवेशानें पेट घेते. सर हंफ्री डेव्ही यांनीं ती १८०७ सालीं दाहक सोड्यांतून विजेच्या प्रवाहानें वेगळी काढली. दुसरा क्लोरीन, हिरवट पिवळा, विषारी वायु. पहिल्या महायुद्धांत १९१५ च्या एप्रिलमध्यें ईप्र येथें ह्याच वायूनें सैनिकांचे प्राण घेतले. जाळणारी धातु आणि गुदमरविणारा वायु यांचा संयोग व्हावा, आणि त्यांतून आमटींत घालावयाचें मीठ निघावें! मिश्रण आणि संयुग यांतील भेद तो हाच. संयुगांत घटकांचे मूळचे गुणधर्म लोपून नवेच गुणधर्म प्रकट होतात. आणि ज्यांतून कोणत्याही रासायनिक उपायानें निराळा पदार्थ काढतां येत नाहीं, त्यांस मूलद्रव्यें म्हणतात. अशीं ११८ मूलद्रव्यें आज ज्ञात आहेत.

संयोगाची आणखी एक खूण आहे. ९ तोळे पाण्याचें पृथक्करण केलें तर १ तोळा हायड्रोजन आणि ८ तोळे प्राणवायु मिळतो; पाणी गंगेचें असो कीं विहिरीचें, शुद्ध केल्यावर प्रमाण तेंच. ३ तोळे कार्बनाशीं ४ तोळे प्राणवायूचा संयोग होतो, तेव्हां एक वायु बनतो. ८ तोळ्यांचा होतो, तेव्हां दुसरा. चाराची नेमकी दुप्पट आठ! मधल्या पांच-सहा तोळ्यांनीं तिसराच वायु बनत नाहीं. असें कां व्हावें?

ह्याचें उत्तर मँचेस्टर येथील जॉन डाल्टन ह्या शिक्षकानें दिलें. हा एका विणकऱ्याचा मुलगा. त्यानें १८०३ पासून मांडलेला आणि १८०८ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलेला विचार असा, कीं प्रत्येक मूलद्रव्य अणूंचें बनलेलें असतें, एका मूलद्रव्याचे सर्व अणु सारख्याच वजनाचे असतात आणि संयोग होतांना ते पूर्ण संख्येनेंच एकत्र येतात. पंगतीस एक पाहुणा येतो, दोन येतात. दीड पाहुणा येत नाहीं. कार्बनाच्या एका अणूशीं प्राणवायूचा एक अणु जोडला जाईल किंवा दोन जोडले जातील. अशा रीतीनें जोडलेल्या अणूंच्या समूहास आपण रेणु म्हणतों. प्राचीनांनीं अणु तर्कानें जाणला. डाल्टननें त्याला तराजूंत घातलें. मात्र अणु अभेद्य आहे, ही प्राचीनांची समजूत त्यानेंही तशीच ठेविली, आणि पाण्याच्या रेणूंत हायड्रोजनचा एकच अणु असतो असें तो मानीत असे. ते दोन असतात, हें पुढच्यांनीं दाखविलें.

गुरूचा मत्सर

पुढें जाण्यापूर्वीं एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. वर ज्यांचें नांव आलें त्या डेव्ही यांनीं १८१३ सालीं मायकेल फॅरडे नांवाच्या एका लोहाराच्या मुलास आपला मदतनीस नेमलें. हा मुलगा पुस्तकबांधणीचें काम शिकलेला. गुरूच्या हाताखालीं तो इतका वाढला, कीं १८२४ सालीं रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठीं त्याचें नांव आलें. त्या वेळीं सोसायटीचे अध्यक्ष डेव्हीच होते, आणि विरोध केला तो त्यांनींच. फॅरडे निवडून आले ते गुरूची इच्छा नसतां. पुढें त्यांनींच विजेनें पदार्थांचें पृथक्करण होतांना ठराविक मापाची वीज खर्ची पडते, हा नियम शोधून काढला. आणि अणूंत वीज दडलेली असावी अशी पहिली सूचना त्यांतून मिळाली.

लाडू आणि वर्ख

ती वीज केंब्रिज येथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुख जे. जे. टॉमसन यांच्या हातीं लागली. जवळजवळ निर्वात केलेल्या कांचेच्या नळींतून विजेचा प्रवाह सोडला असतां ऋण ध्रुवापासून किरण निघतात. ते किरण म्हणजे ऋण विद्युत् असलेले सूक्ष्म कण आहेत, असें टॉमसन यांनीं १८९७ सालीं सिद्ध केलें. नळींत कोणताही वायु असो, ध्रुव कोणत्याही धातूचा असो, कण तेच. हेच इलेक्ट्रॉन. हायड्रोजनचा अणु हा सर्वांत हलका; पण इलेक्ट्रॉनचें वजन त्याच्याही सुमारें १८३६ व्या भागाइतकेंच. तेव्हां अभेद्य अणु फुटला! टॉमसन यांनीं त्याचें चित्रही रेखाटलें. रव्याच्या लाडवांत बेदाणे रोवावे, तसे धन विजेच्या गोळ्यांत इलेक्ट्रॉन रोवलेले आहेत, असें तें चित्र होतें.

ह्या लाडवाचा चुरा केला तो टॉमसन यांच्याच एका शिष्यानें. १८९५ सालीं न्यूझीलंडमधून अर्नेस्ट रदरफर्ड हा तरुण केंब्रिजला आला. तीनच वर्षांनीं टॉमसन यांनीं त्याची शिफारस केली आणि त्यास कॅनडांत मॉन्ट्रियल येथें प्राध्यापकाची जागा मिळाली. पुढें १९०७ मध्यें तो मँचेस्टरला आला. तेथें १९०९ सालीं त्याचे सहकारी गायगर आणि विशीच्या घरांतील विद्यार्थी मार्सडेन यांनीं एक प्रयोग केला. किरणोत्सर्गी पदार्थांतून अल्फा कण प्रचंड वेगानें बाहेर पडतात. ते सोन्यासारख्या धातूंच्या अतिशय पातळ वर्खांवर सोडावयाचे, आणि पलीकडे किंवा बाजूस ठेवलेल्या पडद्यावर ते कोठें आदळतात तें पाहावयाचें. प्रत्येक कण आदळला कीं पडद्यावर क्षणभर ठिणगी लुकलुके. अंधाऱ्या खोलींत डोळे सरावून घेऊन सूक्ष्मदर्शकांतून ह्या ठिणग्या एकेक मोजावयाच्या!

लाडवासारख्या अणूंतून हे कण सरळ निघून जावयास हवे होते, आणि बहुतेक तसे गेलेही. पण थोडे चक्क मागें फिरले. प्लॅटिनमच्या पत्र्याच्या बाबतींत हें प्रमाण सुमारें ८००० मध्यें १ इतकें भरलें. तोफेचा गोळा तलम कागदावर मारावा आणि तो उलटून आपल्याच अंगावर यावा, तसें हें वाटलें, असें रदरफर्ड पुढें सांगत असत. १९११ सालीं त्यांनीं अर्थ लावला, कीं अणूचें जवळजवळ सर्व वजन आणि सर्व धन वीज मध्यभागीं एका अत्यंत लहान गर्भांत एकवटलेली आहे, आणि बाकीचा अणु रिकामा आहे. सोन्याच्या अणूचा गर्भ मोहरीच्या दाण्याएवढा धरला, तर त्या अणूची सीमा त्यापासून सुमारें २० मीटर दूर येईल. म्हणजे एवढें मोठें पटांगण, मध्यें एक मोहरी, आणि सारें वजन त्या मोहरींत!

रदरफर्ड यांचाही पराभव

रदरफर्ड यांच्या चित्रांत एक मोठें वैगुण्य होतें. फिरणाऱ्या इलेक्ट्रॉननें प्रकाश टाकीत टाकीत आपली शक्ति गमवावी आणि क्षणार्धांत गर्भांत कोसळावें, असें त्या काळचें पदार्थविज्ञान सांगे. मग आपलीं भांडीं, भिंती, आपण स्वतः, टिकतों कसे? १९१२ सालीं मँचेस्टरला आलेल्या नील्स बोर ह्या डॅनिश तरुणानें पुढच्याच वर्षीं सांगितलें, कीं इलेक्ट्रॉन ठराविक कक्षांतच राहतो आणि तेथें असतांना शक्ति गमावीत नाहीं. एका कक्षेंतून दुसरींत उडी घेतांनाच तो प्रकाश टाकतो किंवा शोषतो. हायड्रोजनच्या प्रकाशांतील रंगीत रेषांचा हिशेब ह्या कल्पनेनें अचूक जुळला. उडी घेण्यापूर्वींच कोठें जावयाचें हें इलेक्ट्रॉनला कसें कळतें, अशा अर्थाची शंका रदरफर्ड यांनीं पत्रांत विचारली. ती शंका खरोखरच मार्मिक होती. तरी शंका फिटली नाहीं म्हणून त्यांनीं निबंध अडवून ठेविला नाहीं. तो छापण्यास पाठविला.

त्यांचा दुसरा शिष्य हेन्री मोस्ली. त्यानें १९१३ सालीं क्षकिरणांच्या साह्यानें दाखविलें, कीं मूलद्रव्याची खरी ओळख त्याच्या वजनांत नसून गर्भांतील धन विजेच्या संख्येंत आहे. मेंडेलीव्ह यांनीं १८६९ सालीं रचलेल्या कोष्टकांतील वजनांच्या कांहीं विसंगति त्यामुळें सुटल्या. मिठाचें कोडेंही येथेंच उलगडतें. सोडियमचा क्रमांक ११. त्याच्या अकरा इलेक्ट्रॉनांपैकीं सर्वांत बाहेरचा एकटाच असतो आणि सहज सुटतो. क्लोरीनचा क्रमांक १७. त्याच्या बाहेरच्या थरांत नेमकी एकाची उणीव. एकानें दिला, दुसऱ्यानें घेतला. त्यामुळें दोघांत उलट जातीची वीज आली, तिच्या ओढीनें ते एकमेकांस बिलगले, आणि मीठ झालें. हा मोस्ली १० ऑगस्ट १९१५ रोजीं गॅलिपोलीच्या रणांगणावर गोळी लागून ठार झाला. वय अवघें सत्तावीस. गुरूला जिंकण्याइतकें आयुष्य प्रत्येक शिष्यास मिळतेंच असें नाहीं.

तिसरा शिष्य जेम्स चॅडविक. गर्भांत वीज नसलेला एक कण असावा असें रदरफर्ड यांनीं १९२० सालीं भाकीत केलें होतें. तो न्यूट्रॉन चॅडविक यांनीं १९३२ सालीं शोधून गुरूचा शब्द खरा केला. तेव्हां शिष्य नेहमीं गुरूस खोटेंच पाडतो असेंही नाहीं.

बोर यांच्या कक्षांचें पुढें काय झालें? कोपनहेगन येथें त्यांच्याच सहवासांत राहून काम केलेल्या हायझेनबर्ग यानें १९२५ सालीं त्या कक्षाच सोडून दिल्या. इलेक्ट्रॉन अमुक वाटेनें फिरतो असें म्हणतां येत नाहीं; तो कोठें सांपडण्याचा संभव किती, एवढेंच सांगतां येतें. गर्भाभोंवतीं जणुं एक ढग असतो. कोठें दाट, कोठें विरळ.

आणि कळस तर पुढेंच आहे. इलेक्ट्रॉन हा कण आहे असें सांगणाऱ्या टॉमसन यांना १९०६ चें नोबेल पारितोषिक मिळालें होतें. त्यांचे पुत्र जॉर्ज टॉमसन यांनीं १९२७ च्या सुमारास ॲबर्डीन येथें धातूंच्या अति पातळ पापुद्र्यांतून इलेक्ट्रॉन सोडून दाखविलें, कीं ते लाटेप्रमाणेंही वागतात! त्याबद्दल १९३७ चें पारितोषिक अमेरिकेंतील डेव्हिसन यांच्यासह त्यांना मिळालें. वडील १९४० पर्यंत हयात होते. पित्याचें अर्धें सत्य मुलानें पुरें केलें, आणि तें पाहावयास पिता होता.

पुत्राकडून आणि शिष्याकडून आपला पराभव व्हावा अशी इच्छा माणसानें धरावी, ह्या अर्थाचें एक सुभाषित आपल्याकडे आहे. आपण तें मुलांकडून पाठ करून घेतों; पण तें खरोखर वडीलधाऱ्यांनीं पाठ करावयाचें आहे. मुलगी वडिलांस निरुत्तर करते तेव्हां घराची मर्यादा मोडते, कीं घरांत ज्ञान एक पाऊल पुढें टाकतें, हें ओळखण्याची जबाबदारी आपली.

त्याच रात्रीं मी तो कागद पुन्हा काढला आणि नातीस हांक मारली. "काल मी चुकलों होतों," असें तिला सर्वांसमक्ष सांगितलें. बोलणें वाटतें तितकें सोपें गेलें नाहीं. मग पेन्सिल तिच्या हातीं देऊन म्हटलें, "आतां तूं काढ." तिनें कागद उलटा केला, मध्यें बारीकसा ठिपका दिला, आणि पेन्सिल आडवी धरून त्याभोंवतीं धुकें उमटविलें. धाकटीं मुलें भोंवतीं जमलीं. थोड्या वेळानें ती थांबली आणि म्हणाली, "आजोबा, हेंही पुढें कोणी तरी खोडील का हो?"

मी म्हणालों, "खोडील. तें तूंच खोडलेंस, तर मला अधिक आनंद होईल."