शिडाच्या गलबतावरील सूर्यविद्युत

वाऱ्यावर चालणाऱ्या गलबताला विजेचे काय काम, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात येईल. शीड ओढायला वीज लागत नाही, हे खरे. पण रात्री मोठ्या जहाजांना आपण दिसावे म्हणून दिवा लागतो. आपण कोठे आहोत हे कळण्यास उपकरणे लागतात. संकटात हाक मारण्यास रेडिओ लागतो. भर समुद्रात दिवा विझला, तर गैरसोय होते एवढेच नव्हे, जिवावरही बेतते.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1968-69 साली 312 दिवसांत, एकट्याने आणि कोठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिलेच. त्यांचे 32 फुटी ‘सुहेली’ हे गलबत आपल्या मुंबईत सागवानी लाकडात बांधलेले होते. वाटेत त्यांचा रेडिओ निकामी झाला आणि न्यूझीलंड मागे पडल्यावर कित्येक महिने त्यांची खबर जगाला नव्हती. त्या काळी लहान गलबतावर वीज करायची म्हणजे तेल जाळून इंजिन चालवायचे. सिलिकॉनची सूर्यघटिका अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 1954 सालीच तयार झाली होती. पण ती इतकी महाग, की उपग्रहांनाच परवडावी. आज तीच घराच्या छपरावर आणि गलबतावरही दिसते.

ती बसवावी कशी? बहुतेक जण आधी सौर तावदाने विकत घेतात आणि मग हिशेब करतात. खरा क्रम याच्या उलट आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे, हा प्रपंचाचा नियम समुद्रावर अधिकच कडक होतो.

म्हणून प्रथम खर्च मांडावा. एक अँपिअर प्रवाह एक तास वापरला, की एक अँपिअर-तास वीज खर्च झाली. सुमारे 40 फुटी गलबत 12 व्होल्टच्या विजेवर चालते असे धरू. नांगर टाकून उभे असताना शीतकपाट दिवसाला 50 अँपिअर-तास घेईल. दिवे, पंखे, पंप आणि फोन मिळून 30. एकूण 80. प्रवासात स्वयंचलित सुकाणू आणखी 70 व उपकरणे 30 घेतील; म्हणजे बेरीज 180 वर गेली. वाऱ्याच्या जोरावर फिरणारे यांत्रिक सुकाणू बसवले, तर ते 70 एकदम वाचतात. वाचवलेली वीज ही सर्वांत स्वस्त वीज होय.

आता जमेची बाजू पाहू. तावदानावर 100 वॅट लिहिलेले असले, तरी ती शक्ती दिवसभर मिळत नाही. उष्ण कटिबंधात, स्वच्छ उन्हात, आडव्या ठेवलेल्या अशा तावदानापासून दिवसाला 350 वॅट-तास मिळतील असे धरावे. आपले 80 अँपिअर-तास म्हणजे सुमारे 1,000 वॅट-तास. त्यांना 300 वॅटची तावदाने पुरतील. प्रवासातील 180 साठी मात्र 600 वॅट हवीत.

जमेचा मोठा शत्रू म्हणजे सावली. तावदानातील घटिका साखळीच्या कड्यांसारख्या जोडलेल्या असतात. एका कडीवर डोलकाठीची किंवा एखाद्या दोराची सावली पडली, तर तिच्या गटाचा प्रवाह अडतो. म्हणून तावदाने गलबताच्या मागच्या टोकाला उंच कमानीवर बसवतात आणि शक्य तर प्रत्येकाला स्वतंत्र नियंत्रक देतात. एक झाकोळले तरी दुसरे चालते. खालून वारा खेळेल अशी जागाही ठेवावी. सिलिकॉन तापले की उत्पन्न घटते. 25 अंशांच्या वर दर अंशाला साधारण 0.4 टक्के. कमान मात्र भक्कम हवी. वादळात तीच तावदाने शिडाप्रमाणे वारा धरतात.

दिवसाची कमाई रात्री वापरायची, तर कोठार हवे. ते कोठार म्हणजे बॅटरी. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये. केल्यास तिचे आयुष्य घटते. 180 च्या गरजेला ती 360 ची हवी. लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी 80 टक्क्यांपर्यंत वापरता येते, म्हणून 225 ची पुरते. पण ही झाली एका दिवसाची सोय. आभाळ दोन दिवस भरून राहिले तर? तेवढी शिल्लक गाठीस हवीच.

शेवटी जोडणीविषयी. 600 वॅट 12 व्होल्टवर वाहू लागले, की प्रवाह 50 अँपिअर होतो. एवढा प्रवाह बारीक तारेतून नेल्यास तार तापते, वीज वाया जाते, प्रसंगी आग लागते. आणि समुद्रात बंब येत नाही. म्हणून तार जाड असावी, खाऱ्या हवेत टिकण्यासाठी तिच्या तांब्याला कल्हई असावी आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज असावा. नियंत्रकाला आधी बॅटरी जोडावी, मग तावदान. सोडवताना उलट क्रम.

सूर्य विजेचे बिल पाठवीत नाही, पण उधारही देत नाही. किनाऱ्यावरच्या घरात हिशेब चुकला, तर तारेतून शेजारची वीज येते. समुद्रावर शेजार नाही. म्हणून तेथे तावदानाच्या आधी कागद आणि पेन्सिल हाती घ्यावी लागते.