मटकी, तिवर आणि नळीत चढणारे पाणी

अकरावीच्या प्रात्यक्षिकाला मटकी लागते ती उसळीचीच, मोड आलेली. ती चंचुपात्रात नव्हे, अरुंद तोंडाच्या शंकुपात्रात घालायची. आत दोऱ्याने एक इवली परीक्षानळी लोंबकळत सोडायची, तिच्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण. बुचातून निघालेल्या वाकड्या नळीचे टोक रंगीत पाण्यात बुडवायचे आणि बुचाभोवती व्हॅसलीन चोपडायचे. तिथे हात आखडता घेतला, की प्रयोग फसलाच!

मग वाट पाहायची. हळूहळू नळीत पाणी चढू लागते. वहीत निष्कर्ष उतरतो : ‘श्वसनात कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.’ खरी गंमत मात्र परीक्षानळी काढून घेतल्यावर कळते. पाणी जवळपास हलतच नाही. मटकी मुख्यतः पिष्ट जाळते. जेवढा ऑक्सिजन घेते, साधारण तेवढाच कार्बन डायऑक्साइड परत करते. हिशेब फिटतो. द्रावणाने तो वायू गिळला तरच आतला दाब उतरतो.

झाडाच्या बुंध्यात हा वायू इतक्या सहज सुटत नाही. सालीखालच्या जिवंत पेशी रात्रंदिवस श्वसन करतात आणि साल वाट अडवते. बाहेरच्या हवेत तो जेमतेम ०.०४ टक्के, खोडाच्या आत बहुधा ३ ते १० टक्के. काही सालीवरच्या वल्करंध्रांतून निसटतो, काही मुळांकडून चढणाऱ्या पाण्यात विरघळून वर जातो. हिरव्या फांद्यांत, पानांत पोचला आणि ऊन असले, तर त्याची पुन्हा साखर होते. म्हणजे बुंध्यावर डबी बसवून मोजलेला वायू हा सगळा हिशेब नव्हेच.

ठाण्याच्या खाडीत चिखलातून पेन्सिलींसारखी उभी असलेली तिवर या खारफुटीची श्वसनमुळे तर मटकीचाच प्रयोग रोज करतात. भरतीत ती बुडतात, वल्करंध्रांतून हवा येणे थांबते. मूळ आतला ऑक्सिजन वापरत राहते; त्याबदल्यात निघालेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, कारण तो ऑक्सिजनपेक्षा पंचवीसेक पट विद्राव्य. इथे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे काम पाणीच करते. दाब घटतो आणि ओहोटी लागताच मूळ ताजी हवा ओढून घेते.

संशोधक शोलांडर आणि सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये हे मोजून दाखवले. खारफुटीच्या मुळांची रंध्रे त्यांनी ग्रीसने बुजवली, तेव्हा आतला ऑक्सिजन घसरत गेला. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ दोन जहाजांच्या टकरीत सांडलेले तेल तिवरांपर्यंत पोचले, तेव्हा काळजी होती ती याच रंध्रांची.