लॅपटॉपच्या जागी टॅबलेट : पडद्याच्या आकाराचा विचार

विश्रांतवाडीत खोली घेऊन राहणाऱ्या, शेजारच्या येरवड्यातील डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या आणि आठवड्यातून एकदोन दिवस भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात किंवा गणेशखिंडीतील विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याचे उदाहरण घेऊ. त्याचा लॅपटॉप जुना झाला आहे. नवा घ्यावयाचा तर शिष्यवृत्तीतून एकच वस्तू घेता येईल. लॅपटॉपऐवजी टॅबलेट घेतला तर बसच्या प्रवासात खांद्यावरचा भार कमी होईल, पोथ्यांची छायाचित्रे हातात धरून वाचता येतील, असा त्याचा विचार असतो. हा विचार चुकीचा नव्हे. परंतु कोणत्या आकाराचा टॅबलेट घ्यावा ह्या प्रश्नापाशी तो अडतो, आणि दुकानात त्याला जी माहिती मिळते ती रोमन लिपीत वाचणाऱ्या, किंबहुना मुख्यतः चलच्चित्रे पाहणाऱ्या ग्राहकाच्या गरजेवरून बेतलेली असते. निवड चुकली तर प्रबंधाची पुढील तीन-चार वर्षे त्याच उपकरणावर काढावी लागतात.

पडद्याचा आकार इंचांत सांगतात तो त्याच्या कर्णाचा. कर्णावरून क्षेत्रफळ समजत नाही, ही शालेय भूमितीतील गोष्ट खरेदीच्या वेळी विसरली जाते. ११ इंच कर्णाच्या पडद्याच्या बाजू ४ : ३ ह्या प्रमाणात असतील तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५८ चौरस इंच भरते, तेच प्रमाण १६ : ९ असेल तर ५२ चौरस इंचांच्या आतच राहते. पडदा जितका लांबट, तितके त्याच कर्णात क्षेत्र कमी. सॅमसंगचा २०२२ सालचा गॅलेक्सी टॅब एस८ अल्ट्रा १४.६ इंचांचा आहे, पण त्याचे प्रमाण १६ : १० असल्यामुळे त्याची आखूड बाजू सुमारे ७.७ इंच येते. ४ : ३ प्रमाणाच्या १३ इंची आयपॅडची आखूड बाजू ७.८ इंच आहे. पुस्तकाचे पान उभे धरून वाचणाऱ्याच्या दृष्टीने ही दोन्ही उपकरणे एकाच रुंदीची होत.

तेव्हा वाचनासाठी मोजावयाची ती आखूड बाजू, आणि ती ताडून पाहावयाची ती आपण रोज वाचतो त्या पानाशी. टंकलिखित प्रबंध आणि बहुतेक शोधनिबंध ए-४ पानावर असतात. त्याची रुंदी २१० मिलिमीटर. १३ इंची आयपॅडवर हे पान रुंदीत बसविले तर मूळच्या सुमारे ९४ टक्के आकारात दिसते. १३ इंची सरफेस प्रोचे प्रमाण ३ : २ आहे, त्यावर ते ८७ टक्के होते. ११ इंची आयपॅडवर ७६ टक्के, आणि स्वस्त म्हणून सर्रास घेतल्या जाणाऱ्या १०.१ इंची, १६ : १० प्रमाणाच्या टॅबलेटवर ६५ टक्के. म्हणजे मूळ १२ पॉइंटांचा मजकूर शेवटच्या उपकरणावर आठ पॉइंटांच्याही खाली जातो, आणि दहा पॉइंटांतील तळटीप साडेसहावर येते.

रोमन लिपीच्या वाचकाला आठ पॉइंटांचा मजकूर कष्टाने का होईना वाचता येतो. देवनागरीची गोष्ट वेगळी आहे. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे खालचे अवयव, अशी एका ओळीत तीन पातळ्यांची रचना असते. ह्या सर्वांना जागा द्यावयाची म्हणून त्याच पॉइंटात मूळ अक्षराच्या वाट्याला येणारी उंची कमी पडते. अक्षर लहान होत गेले की प्रथम नाहीशी होते ती ‘घ’ आणि ‘ध’ यांतील, ‘ष’ आणि ‘प’ यांतील खूण. मग ‘द्ध’ आणि ‘द्व’ एकसारखे दिसू लागतात. आणि शेवटी अनुस्वार आहे की पडद्यावरचा कण आहे, हेही सांगता येत नाही. वैदिक पाठातील स्वरचिन्हांची, अथवा बोलींच्या ध्वनिलेखनातील अक्षराखालच्या बिंदूंची व वरच्या अनुनासिक चिन्हांची तीच अवस्था होते. अ. मा. घाटगे यांची दक्षिण कानडा जिल्ह्यातील कोकणीवरची १९६३ सालची किंवा कुडाळीवरची १९६५ सालची पुस्तिका वाचताना एखादे चिन्ह निसटले, तर निसटतो तो त्या बोलीचा एक स्वनिम.

पान बोटांनी मोठे करून घेता येते, हा आक्षेप येथे नेहमी घेतला जातो. तो अपुरा आहे. पान थोडे वर-खाली सरकवून वाचणे सुसह्य असते. लॅपटॉपवरही तसेच करावे लागते, कारण १४ इंची, १६ : ९ प्रमाणाच्या लॅपटॉपवर ए-४ पान मूळ आकारात ठेवले तर त्याची जेमतेम साठ टक्के उंची एका वेळी दिसते. परंतु प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे सरकवीत राहिल्यास वाचन होत नाही, आणि पाठभेदांची तुलना तर मुळीच होत नाही. ज्या ग्रंथांचा मजकूर अक्षररूपाने उपलब्ध आहे तेथे ही अडचण नाही. मोल्सवर्थचा कोश शिकागो विद्यापीठाच्या कोशसंग्रहात तसा मिळतो, आणि तो लहान पडद्यावरही नीट वाचता येतो. मात्र जुने मराठी ग्रंथ बहुतांशी छायाप्रतींच्या रूपातच मिळतात, आणि छायाप्रतीतील ओळ पडद्याच्या रुंदीप्रमाणे मोडत नाही.

ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे केंद्र सरकारने ५ ऑक्टोबर २०११ रोजी विद्यार्थ्यांसाठी प्रसिद्ध केलेला ‘आकाश’. त्याचा पडदा ७ इंचांचा आणि ८०० गुणिले ४८० बिंदूंचा होता. ए-४ पान त्यावर मूळच्या ४४ टक्क्यांवर येई, आणि बारा पॉइंटांच्या अक्षराची सगळी उंची, मात्रा-उकारांसह, दहाएक बिंदूंत उरकावी लागे. दहा बिंदूंत ‘ष्ट्र’ काढता येत नाही. त्या उपकरणाच्या किमतीविषयी आणि वेगाविषयी पुष्कळ चर्चा झाली. लिपीच्या ह्या बाजूकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. आजच्या चांगल्या टॅबलेटवर एका इंचात दोनशेहून अधिक बिंदू असतात, त्यामुळे बिंदूंचा प्रश्न सुटला आहे. आकाराचा प्रश्न उरलाच आहे.

ए-४ सोडून डेमी अष्टपत्री पुस्तकाकडे वळले की हिशेब बदलतो. साडेआठ गुणिले साडेपाच इंचांचे हे पान ११ इंची आयपॅडवर (सुमारे ९ गुणिले ६.३ इंच) मूळ आकारात पूर्ण मावते. ज्याचे वाचन मुख्यतः अशा पुस्तकांचे आहे त्याने मोठ्या पडद्याचा भार वाहण्याचे कारण नाही. देवनागरी संस्कृत पोथ्यांची पाने बहुधा आडवी, रुंदीच्या मानाने बरीच बुटकी असतात. तेथे आखूड बाजूऐवजी लांब बाजू महत्त्वाची ठरते. १३ इंची पडदा आडवा धरला तर २६ सेंटिमीटर रुंदीचे पत्र त्यावर मूळ आकारात येते आणि खालचा अर्धा भाग लिप्यंतर लिहिण्यास मोकळा राहतो. लॅपटॉपची जागा टॅबलेट खऱ्या अर्थाने घेतो तो ह्याच कामात. येथे तो लॅपटॉपपेक्षा सरस आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

कोशकाराचे काम दोन कागद शेजारी ठेवल्याशिवाय होत नाही. १९४८ साली सु. मं. कत्रे यांनी योजिलेल्या संस्कृत कोशासाठी डेक्कन कॉलेजात सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. तेथे चिठ्ठी आणि मूळ ग्रंथ एकाच वेळी डोळ्यांसमोर लागतात. पडद्याचे दोन भाग केले तर १३ इंची आयपॅडवर प्रत्येक भाग ५.२ इंच रुंद, म्हणजे डेमी पानाच्या जवळपास, राहतो. ११ इंचीवर तो साडेचार इंच होतो आणि दोन्ही बाजूंचे वाचन खुरटते.

आता लेखनाचा विचार. पडद्यावरचा कळफलक आडव्या टॅबलेटचा जवळजवळ अर्धा भाग व्यापतो. ११ इंची पडद्यावर मग देवनागरीच्या दहा-अकरा ओळी उरतात. प्रबंध असा लिहिता येणार नाही, स्वतंत्र कळफलक हवाच. येथे मराठी लेखकाची एक खास अडचण आहे. पूर्ण मापाच्या कळफलकात एका कळीला १९ मिलिमीटर जागा मिळते आणि पंधरा कळींच्या रुंदीची ओळ २८५ मिलिमीटरांची होते. १३ इंची आयपॅडची बाह्य रुंदी २८० मिलिमीटर आहे, म्हणून त्याचा कळफलक जवळजवळ पूर्ण मापाचा असतो. ११ इंचीची रुंदी २४८ मिलिमीटर. तेथे दोन कळींची जागा कमी पडते, आणि ती बहुधा उजव्या कडेच्या विरामचिन्हांच्या कळी अरुंद करून काढली जाते. इंग्रजी लिहिणाऱ्याला त्याने फारसे बिघडत नाही. परंतु १९८६ साली प्रमाणित झालेल्या इनस्क्रिप्ट रचनेत ह्याच कडेच्या कळींवर ‘ड’, ‘ट’, ‘ॉ’ आणि ‘ृ’ बसविलेले आहेत. ‘कृती’, ‘डॉक्टर’, ‘वाट’, ‘झाड’ हे शब्द लिहिताना प्रत्येक वेळी करंगळी अरुंद कळीवर पडते. उच्चारानुसारी रोमन पद्धतीने टंकन करणाऱ्यांना हा त्रास नाही. इनस्क्रिप्ट शिकलेल्याने मात्र त्याच कळफलकावर एक पानभर मजकूर लिहून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

वजनाच्या बाबतीत एक भ्रम दूर केला पाहिजे. १३ इंची आयपॅड एअर सुमारे ६१७ ग्रॅमचा आहे, पण टेकूसह येणारा कळफलक जोडला की एकूण वजन सव्वा किलोच्या आसपास जाते. १३ इंची मॅकबुक एअर १.२४ किलोचे आहे. म्हणजे भार कमी व्हावा एवढ्याचसाठी १३ इंची टॅबलेट घेणाऱ्याची निराशा होणार. लाभ आहे तो कळफलक घरी ठेवून बाहेर पडण्याच्या सोयीत.

आकार कितीही योग्य असला तरी काही कामे त्याने साधत नाहीत. ध्वनिविश्लेषणासाठी वापरला जाणारा ‘प्रात’ आणि ध्वनिमुद्रणावर टिपणे करण्यासाठीचा ‘इलान’ हे कार्यक्रम विंडोज, मॅक आणि लिनक्स प्रणालींसाठी आहेत. आयपॅडवर त्यांची नेहमीची आवृत्ती चालत नाही. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या बोलींच्या सर्वेक्षणातील ध्वनिमुद्रणे कोणत्याही टॅबलेटवर ऐकता येतील, पण त्यांतील स्वरांचे मापन करावयाचे तर विंडोज प्रणालीचा टॅबलेट तरी हवा, नाही तर जुना लॅपटॉप जपून ठेवावा. क्षेत्रकार्यात निवेदकासमोर चित्रे धरण्यासाठी मात्र ८ ते ११ इंची उपकरणच बरे. १३ इंची पडदा दोघांच्या मध्ये भिंतीसारखा उभा राहतो.

खरेदीपूर्वी एक सोपी परीक्षा करता येते. आपल्याच विषयातील एखाद्या प्रबंधाचे तळटीपा असलेले एक पान ९४, ८७, ७६ आणि ६५ टक्के आकारांत छापून घ्यावे, ती चारही पाने रात्रीच्या दिव्याखाली हातभर अंतरावर धरून ‘द्ध’ आणि ‘द्व’ वेगळे वाचता येतात का ते पाहावे, आणि जे सर्वांत लहान पान न अडखळता वाचता येईल त्याच्या रुंदीची पट्टी कापून दुकानात बरोबर न्यावी.